इंग्रजी उताऱ्याचे आकलन आणि आपल्या तंत्रयुक्ती

आपल्या व्यवसायबंधूंच्या घरांतील पुढची पिढी आज अनेक दिशांनी जात आहे. फार्मसीचालकांच्या मुलामुलींपैकी काही औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन परदेशात नोंदणी मिळविण्याच्या प्रयत्नात असतात, काहींनी परिचर्येचा अभ्यासक्रम निवडलेला असतो, तर काही तरुण वैद्य प्रशासकीय सेवेच्या परीक्षांकडे वळतात. या सर्वांच्या वाटेवर एक समान अडथळा उभा असतो व तो म्हणजे इंग्रजी उताऱ्याचे आकलन. विषयाचे ज्ञान उत्तम, हाताला अनुभव भरपूर, आणि तरीही केवळ वाचनाच्या प्रश्नपत्रिकेमुळे वर्ष वाया जाते. फी, प्रवास व तयारीचा खर्च तर होतोच. परंतु त्याहून मोठी हानी आत्मविश्वासाची होते. ‘आमचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, आता हे जमणे कठीण’ असा निष्कर्ष काढून अनेक जण प्रयत्नच सोडून देतात.

हे निदान चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उतारा न कळण्याचे मुख्य कारण शब्दसंग्रहाची उणीव हे नसून वाक्यांतील व परिच्छेदांतील संबंध न उलगडणे हे होय. आणि असे संबंध उलगडण्याचे शास्त्र आपल्या संहितांनीच आपल्याला दिलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

परीक्षेचे स्वरूप

विवेचनाच्या सोयीसाठी आपण ‘ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट’, संक्षेपाने ‘ओईटी’, ही परीक्षा उदाहरण म्हणून घेऊ. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात तयार झालेली ही परीक्षा आरोग्यक्षेत्रातील १२ व्यवसायांसाठी घेतली जाते. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, दंतवैद्यक, फिजिओथेरपी इत्यादींचा त्यांत समावेश आहे, आयुर्वेदाचा नाही. लेखन आणि संभाषण हे भाग व्यवसायानुसार वेगळे असतात, तर श्रवण आणि वाचन हे भाग सर्वांना सारखेच असतात. त्यामुळे फार्मासिस्टला परिचारिकांसाठी लिहिलेल्या सूचनेवरही प्रश्न येऊ शकतो.

वाचनाच्या भागाला एकूण ६० मिनिटे व ४२ प्रश्न असतात. पहिल्या विभागात एकाच आरोग्यविषयक विषयावरील चार लहान मजकूर देऊन १५ मिनिटांत २० प्रश्न सोडवावयाचे असतात. म्हणजे एका प्रश्नास सरासरी ४५ सेकंद! येथे सावकाश वाचन अपेक्षितच नाही. हवी ती माहिती कोठे आहे हे झटपट शोधणे अपेक्षित आहे. दुसऱ्या विभागात रुग्णालयातील सूचना, नियमावली, उपकरणांची माहितीपत्रके अशा स्वरूपाचे सहा लहान उतारे असून प्रत्येकावर तीन पर्यायांचा एक प्रश्न असतो. तिसऱ्या विभागात सुमारे ८०० शब्दांचे दोन लेख व प्रत्येकावर चार पर्यायांचे आठ प्रश्न असतात. दुसऱ्या व तिसऱ्या विभागांस मिळून ४५ मिनिटे मिळतात. चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत. किमान गुणांची अट प्रत्येक देशातील नोंदणी परिषद स्वतः ठरविते. ती अर्ज करण्यापूर्वी त्या परिषदेकडूनच जाणून घ्यावी.

वैद्यांसाठी ही परीक्षा नसली, तरी प्रश्न त्यांनाही चुकलेला नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीची ३०० गुणांची अनिवार्य प्रश्नपत्रिका असते व तीत उताऱ्याचे आकलन विचारले जाते. तिचे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. मात्र किमान २५ टक्के गुण मिळाले नाहीत, तर अन्य विषयांच्या उत्तरपत्रिकांचे गुण विचारात घेतले जात नाहीत.

संहितेने दिलेली किल्ली

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील १२व्या अध्यायात ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ६५व्या अध्यायात ३२ आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही त्या शेवटी येतात. याचाच अर्थ असा, की ही केवळ वैद्यकाची नव्हे, तर कोणत्याही शास्त्रीय मजकुराच्या वाचनाची साधने होत. ज्याची बुद्धी एका शास्त्रात स्थिर झाली आहे, तो युक्तींच्या ज्ञानामुळे दुसरे शास्त्रही लवकर जाणतो, अशा आशयाचे आश्वासन चरकसंहितेने त्याच अध्यायात दिलेले आहे. ते इंग्रजी उताऱ्यासही लागू पडते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

*अधिकरण.* ज्या विषयाला धरून प्रतिपादन चालते, ते अधिकरण. ‘लेखाचा मुख्य विषय कोणता’, ‘दुसऱ्या परिच्छेदात लेखक काय सांगू इच्छितो’ हे प्रश्न अधिकरणाचेच आहेत. प्रत्येक परिच्छेद वाचून झाल्यावर त्याचे अधिकरण मराठीत तीन-चार शब्दांत समासात लिहावे. उदाहरण म्हणजे विषय नव्हे. पुष्कळ चुकीचे पर्याय उदाहरणालाच विषय ठरवून रचलेले असतात.

*योग.* वाक्यातील दूर गेलेली पदे जोडणे म्हणजे योग. श्लोकाचा अन्वय लावताना आपण आधी क्रियापद शोधतो, मग कर्ता, मग कर्म; शेवटी विशेषणे आपापल्या जागी बसवितो. लांब इंग्रजी वाक्याचेही तसेच करावे. मराठीत ‘जो’चे वाक्य बहुधा आधी येते व ‘तो’ नंतर येतो. इंग्रजीत ‘हू’ आणि ‘विच’ यांनी सुरू होणारी वाक्ये नामाच्या मागून येतात आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये घुसतात. मराठीत नकार प्रायः वाक्याच्या शेवटी असतो, तर इंग्रजीत तो आरंभीच येऊन जातो. शब्दामागून शब्द भाषांतर करणाऱ्याची येथेच फसगत होते.

*पदार्थ.* एका शब्दाचे अनेक अर्थ संभवत असता पूर्वापर संबंधाने योग्य तो घ्यावा. सुश्रुताच्या ‘वेदोत्पत्ती’ अध्यायात वेद म्हणजे कोणता, हे संदर्भावरूनच ठरते. इंग्रजीत ‘ऑल बट टू पेशंट्स’ म्हणजे दोघे वगळून बाकी सर्व रुग्ण. परंतु ‘ऑल बट इम्पॉसिबल’ म्हणजे जवळजवळ अशक्य. ‘अ फ्यू’ म्हणजे काही थोडे. ‘फ्यू’ म्हणजे फारच थोडे, जवळजवळ नाहीतच. ‘नॉट अनकॉमन’ म्हणजे विरळा नसलेले, अर्थात बऱ्यापैकी आढळणारे.

*एकांत आणि अनेकांत.* त्रिवृत विरेचन करते, मदनफळ वमन करविते, हे एकांत वचन. द्रव्य प्रधान की रस, वीर्य की विपाक, याविषयी आचार्यांची मते भिन्न आहेत, हे अनेकांत. इंग्रजीत ‘मस्ट’, ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’ हे एकांताचे शब्द. ‘मे’, ‘कॅन’, ‘टेंड टू’, ‘इन सम केसेस’ हे अनेकांताचे. उताऱ्यात अनेकांत व पर्यायात एकांत दिसला, की तो पर्याय बहुधा बाद समजावा.

*अपवर्ग.* व्यापक विधानातून काही वगळणे म्हणजे अपवर्ग. विषार्त रुग्णांस स्वेदन वर्ज्य सांगून कीटविषाचा अपवाद सुश्रुताने केला, तो याचाच नमुना. ‘एक्सेप्ट’, ‘अनलेस’, ‘अदर दॅन’, ‘अपार्ट फ्रॉम’ हे शब्द दिसताच पेन्सिलीने खूण करावी. दुसऱ्या विभागातील उत्तर पुष्कळदा याच ठिकाणी दडलेले असते.

*अर्थापत्ती.* न सांगितलेले सांगितलेल्यावरून कळणे ही अर्थापत्ती. रात्री दही खाऊ नये या निषेधावरून दिवसा खाता येते, असे टीकाकार काढतात. आता पुढील वाक्य पाहावे. ‘द डोस मे बी रिपीटेड आफ्टर सिक्स अवर्स, अनलेस द पेशंट इज ड्राउझी.’ समजा, पर्याय असे आहेत: पहिला, सहा तासांनी दुसरी मात्रा प्रत्येकास द्यावी, दुसरा, गुंगी असल्यास मात्रा निम्मी करावी, तिसरा, दुसरी मात्रा देण्यापूर्वी रुग्ण सावध आहे का हे पाहावे. पहिल्यात ‘मे’चे ‘मस्ट’ झाले आणि अपवर्गही सुटला. दुसऱ्यातील निम्मी मात्रा मुळात कोठेच नाही. तिसरी गोष्ट वाक्यात शब्दशः नाही, तथापि ती केल्याशिवाय वाक्यातील अट पाळताच येत नाही. म्हणून तेच उत्तर. या एका वाक्यात तीन युक्ती उपयोगी पडल्या. शब्दकोश पाहावा लागलाच, तर फक्त ‘ड्राउझी’साठी!

*अतिक्रांतावेक्षण आणि अनागतावेक्षण.* मागे सांगितलेल्याचा निर्देश आणि पुढे सांगावयाच्याचा निर्देश. ‘धिस’, ‘सच’, ‘द फॉर्मर’ हे शब्द मागे पाहावयास लावतात. ‘द फॉलोइंग’ पुढे. ‘या शब्दाने कशाचा निर्देश होतो’ असा प्रश्न आल्यास बाणाने जोडून पाहावे.

*पूर्वपक्ष आणि निर्णय.* तिसऱ्या विभागातील लेखांत लेखक प्रथम प्रचलित मत मांडतो व नंतर ‘हाउएव्हर’, ‘येट’, ‘डिस्पाइट’ अशा शब्दांनी वळण घेतो. वळणापूर्वीचे मत लेखकाचे समजणे ही मोठी चूक होय.

जेथे सावध राहावे

सर्वच युक्ती जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ‘अनुमत’ या युक्तीनुसार दुसऱ्याचे मत खोडून न काढल्यास ते मान्य समजले जाते. इंग्रजी लेखात मात्र लेखक एखाद्या तज्ज्ञाचे मत नुसते नोंदवून पुढे जातो. त्याने ते स्वीकारलेच असे होत नाही. संमतिदर्शक शब्द सापडल्याखेरीज लेखकाची संमती गृहीत धरू नये.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे आणि तो जाणकारांनाच अधिक संभवतो. दम्यावरील उतारा वाचताना फार्मासिस्टला दम्याची औषधे आधीच ठाऊक असतात. पर्यायांमध्ये एखादे विधान शास्त्रदृष्ट्या अचूक, पण उताऱ्यात नसलेले असते व हात नेमका तिकडे वळतो. परीक्षेच्या त्या एका तासात उतारा हेच एकमेव प्रमाण मानावे. आपले ज्ञान समजण्यास साहाय्य करील. उत्तर मात्र उताऱ्यानेच दिले पाहिजे.

अभ्यासाचा पादांशिक क्रम

अहितकर सवय एकदम न सोडता पादापादाने सोडावी, असे चरकाने सूत्रस्थानातील ७व्या अध्यायात सांगितले आहे. शब्दकोशाची सवयही तशीच सोडावी. प्रथम दहा अनोळखी शब्द आले तर दहाही पाहावेत, परंतु आधी अंदाज लिहूनच. पुढच्या टप्प्यात केवळ ज्यांच्यावाचून वाक्य अडते तेवढेच. शेवटी वाचन पूर्ण होईपर्यंत कोश मिटलेलाच असावा. घड्याळाचेही तसेच. पहिले काही आठवडे वेळेचे बंधन ठेवू नये. प्रत्येक उत्तराचा आधार उताऱ्यात अधोरेखित करणे एवढेच बंधन ठेवावे. आकलन स्थिर झाल्यावर वेळ हळूहळू आवळावी. अखेरच्या टप्प्यात दुसऱ्या विभागास सुमारे १२ मिनिटे व तिसऱ्यातील प्रत्येक लेखास सुमारे १६ मिनिटे, असे विभाजन सोयीचे पडते. पहिल्या विभागात काही उत्तरे लिहावयाची असतात व तेथे शब्दलेखनाची चूक गुण घालविते. म्हणून उताऱ्यातील शब्द अक्षर पाहूनच उतरवावा.

नित्य वाचनासाठी महागड्या पुस्तकांची गरज नाही. आयुर्वेदीय फार्माकोपियातील मोनोग्राफ इंग्रजीत आहेत. बाह्य द्रव्ये व राख यांसाठी ‘नॉट मोर दॅन’ आणि अर्क-प्रमाणासाठी ‘नॉट लेस दॅन’ हे शब्द आपल्या फार्मसीत रोजचेच आहेत. अशी मर्यादादर्शक भाषा परीक्षेतही भेटते. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील ‘शेड्यूल टी’ वाचताना ‘शॅल’ कोठे व ‘मे’ कोठे हे टिपावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली प्रसिद्ध केलेली आयुर्वेद-शिक्षणाची मानके लांब गद्याच्या सरावास चांगली आहेत. औषधांच्या खोक्यातील माहितीपत्रक तर प्रत्येक दुकानात हाताशीच असते.

येथे वडीलधाऱ्यांचाही लाभ आहे. परवान्याच्या अटी, शासकीय परिपत्रके, तपासणीनंतर येणारी पत्रे यांपैकी पुष्कळ मजकूर इंग्रजीतच येतो, आणि तेथे ‘अनलेस’ हा एक शब्द सुटला तर फटका गुणांचा नव्हे, व्यवसायाचा बसतो. म्हणून आमची सूचना अशी, की आपापल्या तालुक्यातील दोन-चार वैद्य व फार्मसीचालकांनी आठवड्यातून एकदा तासभर एकत्र बसावे. सोबत घरातील परीक्षार्थी असावेत. एक पानभर इंग्रजी मजकूर घ्यावा. मुलांनी शब्दांचे उच्चार व अर्थ सांगावेत. वैद्यांनी अधिकरण कोणते, अपवर्ग कोठे, निर्णय काय हे विचारावे. एकाकडे भाषा आहे, दुसऱ्याकडे युक्ती. दोहोंचा संयोग झाला तर उतारा परका राहणार नाही.

भाषा नवी असेल. वाचनाची शिस्त आपल्या परिचयाची आहे. तिचा अभ्यास परीक्षेच्या आदल्या महिन्यात नव्हे, आजपासूनच सुरू व्हावा, एवढीच विनंती.