भाड्याची खोली बघताना दार बघता का?

खोली भाड्याने घेताना आपण काय बघतो? पाणी किती वेळ येतं, संडास आत आहे की बाहेर, लाईटचं वेगळं मीटर आहे का, डिपॉझिट किती. दाराकडे फक्त चोराच्या नजरेने बघतो, म्हणजे कडी पक्की आहे ना, कुलूप लागतं ना. या लेखात त्याच दाराकडे आगीच्या नजरेने बघू. माझं पीएच.डी.चं काम पॉलिमर जळताना त्यातून काय काय बाहेर पडतं यावर आहे, त्यामुळे हा विषय माझ्या टेबलापासून फार लांब नाही.

आमच्या नेकनूरसारख्या गावात रस्त्याकडेच्या घरांचं रूप गेल्या काही वर्षांत बदललंय. खाली शटरची दुकानं, वर मालक, त्याच्या वर किंवा मागच्या बाजूला काढलेल्या भाड्याच्या खोल्या. एका कुटुंबासाठी बांधलेलं घर मध्ये प्लायचं पार्टिशन टाकून तिघा-चौघांना दिलेलं असतं. जिना मात्र एकच. जिन्याखाली मीटरचा बोर्ड, दोन मोटारसायकली, आणि आता चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर. शिकायला संभाजीनगरला किंवा पुण्याला गेलात तरी कॉट बेसिसवर हेच मिळतं, फक्त भाडं जास्त.

आता आग लागली असं धरा. माणूस मरतो तो बहुतेक वेळा ज्वाळांनी नाही, धुराने. 3 एप्रिल 2024 ला पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या कपड्याच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गेले, त्यात दोन लहान मुलं. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचलीच नव्हती, मृत्यू गुदमरून झाल्याचं दिसतं, असं पोलिसांनी त्याच दिवशी सांगितलं. खालची आग आणि वरची झोपलेली माणसं, ही मांडणी आपल्याकडच्या हजारो घरांची आहे.

कापड, फोम, प्लास्टिक अर्धवट जळतं तेव्हा कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे झोपेतला माणूस खोकून जागा होईलच असं नाही, तो आणखी गाढ झोपतो. गादीतल्या पॉलियुरेथेन फोममधून हायड्रोजन सायनाईडही निघतो. हा सगळा गरम धूर हलका असल्यामुळे वर जातो, आणि वर जायला त्याला जिना मिळतो. अशा वेळी जिना म्हणजे चक्क धुराडं.

धूर आणि तुम्ही यांच्यामध्ये मग उरतं काय? खोलीचं दार.

अमेरिकेत यूएल या संस्थेच्या संशोधकांनी खरीखुरी घरं पेटवून मोजमापं घेतली. दार उघडं असलेल्या खोलीत तापमान साधारण 540 अंश सेल्सिअसवर गेलं आणि कार्बन मोनॉक्साईड 10,000 पीपीएमपर्यंत. दार बंद असलेल्या खोलीत तापमान 38 अंशांच्या आसपास, वायू 100 पीपीएम. 38 अंश म्हणजे बीडमधला एप्रिलचा साधा दिवस. अन् ही घरातली साधीच दारं होती, खास आगीसाठी बनवलेली नव्हेत.

खास अग्निरोधक दार असतं तेही समजून घेऊ, कारण त्यात गंमत आहे. असं दार भट्टीच्या तोंडावर बसवून तपासतात. भट्टी ठरलेल्या वेगाने तापवायची : 5 मिनिटांत 576 अंश, 30 मिनिटांत 842, तासाभरात 945. इतका वेळ ज्वाळा पलीकडे गेल्या नाहीत तर दार 30 मिनिटांचं, 60 मिनिटांचं, असं ठरतं. आपल्याकडे यासाठी आयएस 3614 हे मानक आहे. पण ही परीक्षा नुसत्या फळीची नसते, तर चौकट, बिजागऱ्या, कुलूप अशा सगळ्या संचाची असते. कडेच्या फटीत एक पट्टी असते, ती साधारण 200 अंशांच्या आसपास फुगते आणि फट बुजवते. मात्र सुरुवातीचा धूर तेवढा गरम नसतो. तो पट्टी फुगायच्या आधीच आत शिरतो, म्हणून रबराची किंवा ब्रशची वेगळी धूरपट्टीही लागते. इंग्लंडमध्ये जुनी घरं तोडून फ्लॅट पाडतात आणि भाड्याने देतात, तिथे फ्लॅटच्या मुख्य दाराला साधारणपणे असं 30 मिनिटांचं, धूरपट्टीचं, आपोआप बंद होणारं दार मागितलं जातं. तिथेही सगळं आलबेल नाही. 2017 च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत 72 माणसं गेली, आणि नंतर तिथलं एक दार तपासलं तर 30 ऐवजी जेमतेम 15 मिनिटं टिकलं.

आपल्या खोल्यांना काय असतं? फ्लश डोअर असेल तर बरं, निदान लाकूड आहे. लाकूड जळतं, पण मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या हिशोबाने, आणि वर तयार झालेला कोळसा आतल्या भागाला वाचवतो. वाड्याचं जुनं जाड सागवानी दार या बाबतीत आजच्या दारापेक्षा सरस ठरेल (फटी सोडून!). सगळ्यात वाईट पीव्हीसीचं दार. ते 80 अंशांच्या आसपासच मऊ पडतं, आणि पेटलं की हायड्रोजन क्लोराईड सोडतं. बाथरूमला ते ठीक आहे. पण झोपायच्या खोलीला पीव्हीसीचं दार आणि प्लायचं पार्टिशन दिसलं, तर मी ती खोली घेणार नाही.

आता दाराचं दुसरं काम. धुराला अडवणारं दार माणसाला मात्र अडवता कामा नये. 2016 ची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला चावीशिवाय उघडता आलं पाहिजे, आणि त्याची रुंदी किमान एक मीटर हवी. माझ्या मते चावीचा हा मुद्दा दाराच्या जाडीपेक्षा महत्त्वाचा आहे. 30 डिसेंबर 2016 ला पुण्यात कोंढव्यातल्या एका बेकरीला पहाटे आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. शटरला बाहेरून कुलूप होतं.

आणि आपण काय करतो? रात्री खालच्या चॅनेल गेटला मालक कुलूप लावतो, चावी त्याच्या उशाशी. पहाटेच्या ड्युटीला जाणारा रूम पार्टनर झोपलेल्यांची झोपमोड नको म्हणून बाहेरून कडी घालून जातो. गच्चीच्या दाराला कुलूप, का तर टाकीत कुणी काही टाकेल. खिडकीला ग्रिल. एकेकाचं कारण विचारलं तर पटतं, पण सगळी एकत्र आली की ती खोली म्हणजे पिंजरा होतो.

कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. मालक आणि भोगवटादार दोघांवरही तो जबाबदारी टाकतो. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं असतं. पण व्यवहारात सगळा भर उंच इमारती, मॉल, दवाखाने यांच्यावर असतो. राष्ट्रीय संहितेत 15 मीटरपासून पुढे इमारत ‘उंच’ धरतात. दुकानावर दोन मजले चढवलेलं घर त्याच्या बरंच खाली राहतं, आणि त्याच्या खोल्यांची दारं बघायला कुणी येत नाही. शिवाय नेकनूरला बंब यायचा तर बीडहून, मांजरसुंबा ओलांडून. तेवढा वेळ फक्त दारच तुमच्या बाजूने उभं असतं.

मग भाडेकरूने करायचं काय? अग्निरोधक दार बसवून द्या म्हटलं तर मालक दुसरा भाडेकरू बघेल, हे मलाही कळतं. म्हणून फुकटातल्या किंवा थोड्या पैशातल्या गोष्टी सांगतो. झोपताना खोलीचं दार लोटून घ्या. मे महिन्यात हे अवघड आहे, पण हवा खिडकीतून घ्या, जिन्याकडून नको. दारातून बाहेर धूर दिसला, तर जिन्यात धावू नका. दार लावा, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, आणि खिडकीतून ओरडा. दाराला हात लावून बघा, तापलं असेल तर उघडूच नका. बाहेरची कडी काढून टाका, चार स्क्रूचं काम आहे. आतून चावी लागणारं कुलूप असेल तर आतून नुसती मूठ फिरवून उघडणारं बसवून घ्या.

चॅनेल गेट आणि गच्ची, या दोन चाव्यांसाठी मात्र मालकाशी बोलावंच लागेल. अकरा महिन्यांचा करार करताना बोला, तेव्हा तो ऐकायच्या मनःस्थितीत असतो. प्रत्येक खोलीत एकेक चावी, दाराजवळच्या खिळ्यावर. आणि स्कूटरचं चार्जिंग जिन्याखालून हलवायला सांगा. तो म्हणेल, मग लावायची कुठे? जागा त्याच्यासोबत फिरून तुम्हीच शोधून द्या, नाहीतर स्कूटर तिथेच राहील.