जबलपूरच्या परसबागेतील चिनी पालेभाज्या : फवारणीपेक्षा पेरणीची वेळ महत्त्वाची

पाक चोय, चॉय सम, नापा कोबी, ताटसोई ही नावे काही वर्षांपूर्वीपर्यंत मोठ्या शहरांतील हॉटेलांपुरती मर्यादित होती. आता त्यांच्या बियांची लहान पाकिटे सहज मिळू लागली असून, मेथी, शेपू आणि पालकाच्या वाफ्याशेजारी हौसेने एखादी ओळ लावली जाते. रोपे जोमाने वाढतात, आणि मग एके दिवशी पानांची चाळण झालेली दिसते. त्यानंतर विस्तार कार्यकर्त्यासमोर येणारा प्रश्न ठरलेला असतो : ‘यावर काय फवारावे?’ या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या दुकानात नसून पेरणीच्या तारखेत आहे. जबलपूरचा हिवाळा हे समजून घेण्यासाठी चांगले उदाहरण ठरतो.

परके नाव, ओळखीचे कुळ

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ नागाहारू ऊ यांनी १९३५ मध्ये मोहरीवर्गीय पिकांचे परस्परांतील नाते गुणसूत्रांच्या आधारे स्पष्ट केले. त्या मांडणीनुसार पाक चोय, नापा कोबी व ताटसोई ही पिके ‘ब्रॅसिका रापा’ या जातीत मोडतात. आपल्याकडील तोरिया आणि पिवळी सरसों याच जातीच्या आहेत. चिनी मोहरीची पालेभाजी तर आपल्या राईचीच, म्हणजे ‘ब्रॅसिका जुन्सिया’ची, पानांसाठी निवडलेली बहीण होय. चीनमध्ये पिढ्यान्पिढ्या पानांसाठी निवड झाली, तर भारतात प्रामुख्याने तेलासाठी. एवढाच काय तो फरक.

या नात्याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. पीक नवे असले, तरी त्यावर येणाऱ्या किडी नव्या नाहीत. मोहरीच्या शेतात ज्या क्रमाने किडी येतात, त्याच क्रमाने त्या परसबागेतही येतात. म्हणून त्यांचे वेळापत्रक आधीच सांगता येते.

जबलपूरचे हवामान आणि पेरणीचा काळ

जबलपूर कैमूर पठार व सातपुडा टेकड्यांच्या कृषी-हवामान विभागात येते. येथील जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ पासून या विभागात कार्यरत आहे. जमीन प्रामुख्याने मध्यम ते भारी काळी आहे. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते आणि फेब्रुवारीपासून ऊन वाढू लागते. पूर्व विदर्भाची परिस्थिती याच्याशी बरीच मिळतीजुळती असल्याने तेथील शेतकऱ्यांनाही पुढील नियोजन थोड्याफार फरकाने वापरता येईल.

या भाज्यांना १५ ते २० अंश तापमान मानवते. पाक चोय पेरणीपासून साधारण ४० ते ५० दिवसांत काढणीस येतो. कोवळी पाने त्याआधीच खुडता येतात. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, दर दहा-बारा दिवसांनी एकेक ओळ पेरल्यास नोव्हेंबर-डिसेंबरभर भाजी मिळत राहते.

डिसेंबरमधील पेरणी मात्र दोन कारणांनी अंगाशी येते. कोवळ्या रोपांना थंडी लागते आणि पुढे दिवस मोठे होऊ लागताच ती पाने देण्याऐवजी फुलोऱ्यावर येतात. शिवाय त्याच सुमारास मावा सर्वाधिक असतो. अकाली आलेले तुरे वाया घालवू नयेत. फुलकळ्यांसह कोवळे देठ चॉय समप्रमाणे शिजवता येतात.

भारी जमिनीत १५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा. तीन चौरस मीटरच्या वाफ्यात आठ ते दहा किलो चांगले कुजलेले शेणखत पुरते. २० × २० सेंटिमीटर अंतरावर त्यात सुमारे ७५ रोपे बसतात. युरियाचा मोह टाळावा. नत्र जास्त झाल्यास पाने लुसलुशीत होतात आणि मावा बळावतो.

किडींची ओळख आणि क्रम

ऑक्टोबरमध्ये रोप दोन पानांवर असताना रंगीत ढेकूण आणि पिसू भुंगेरे येतात. ढेकूण रस शोषतो व रोप सुकते. भुंगेरे पानांना बारीक छिद्रे पाडतात. वाफा कोरडा राहिल्यास नुकसान वाढते, म्हणून हलके पण नियमित पाणी द्यावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोहरीवरील काळी अळी दिसते. ही पतंगाची अळी नसून करवती माशीची आहे. तिचा रंग काळपट हिरवा असून पाठीवर पाच काळसर रेषा असतात. स्पर्श होताच ती अंगाचे वेटोळे करून खाली पडते. तिच्या पोटाखाली पायांच्या आठ जोड्या असतात. पतंगवर्गीय अळीला त्या जास्तीत जास्त पाच असतात. हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पतंगवर्गीय अळ्यांसाठी वापरले जाणारे ‘बीटी’ हे जिवाणूजन्य कीटकनाशक या अळीवर निरुपयोगी ठरते. सकाळी व सायंकाळी अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे, हा तीन चौरस मीटरसाठी पुरेसा उपाय आहे.

चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती अळी पानाचा पापुद्रा शिल्लक ठेवून खाते. डिवचल्यास ती वळवळत मागे सरकते किंवा धाग्याला लोंबकळते. या किडीचा इतिहास फवारणीवर विसंबणाऱ्यांनी जाणून घ्यावा असा आहे. डीडीटीला तिने दाद न दिल्याची नोंद जावा बेटावरून १९५३ मध्ये झाली. हवाई बेटांवर १९९० मध्ये शेतातील बीटीविरुद्धही तिची प्रतिकारक्षमता नोंदली गेली.

डिसेंबरअखेरपासून मावा वाढतो. त्याची मादी नराविना थेट पिलांना जन्म देते, त्यामुळे ढगाळ व थंड हवेत काही दिवसांतच पान झाकले जाते. तोपर्यंत काढणी आटोपलेली असेल, तर माव्याला वाफ्यात खाण्यासारखे फारसे उरत नाही.

बाटली का नको?

मोहरीच्या पिकावर फवारणी झाल्यानंतर दाणे काढणीस येईपर्यंत बराच अवधी असतो आणि आहारात येते ते तेल. पाक चोयमध्ये मात्र फवारा ज्या पानावर पडतो, तेच पान काही दिवसांत ताटात येते. कीटकनाशकाच्या लेबलवरील मात्रा व प्रतीक्षा कालावधी तेथे नमूद केलेल्या पिकापुरताच असतो. मोहरीसाठी घेतलेली बाटली ‘त्याच कुळातील भाजी’ म्हणून पानांवर वापरणे चुकीचे व धोक्याचे आहे.

त्याऐवजी पेरणी होताच वाफ्यावर कमानी रोवून ४० ते ५० मेशची कीडरोधक जाळी अंथरावी व कडा मातीत दाबाव्यात. त्या वाफ्यात आधी मुळा, कोबी किंवा मोहरी नसावी, अन्यथा जमिनीतील कोष जाळीच्या आतच उघडतील. जाळी शक्य नसल्यास शेजारी धने व शेपू फुलू द्यावेत. त्यांच्या फुलांवर सिरफिड माश्या व परोपजीवी गांधीलमाश्या येतात. फुगलेले, तपकिरी मावे दिसल्यास ती पाने तोडू नयेत, कारण त्यांतून माव्याचे शत्रूच बाहेर पडणार असतात. अगदीच गरज भासल्यास ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळी गराची भुकटी रात्रभर भिजवून गाळून केलेला एक लिटर अर्क, सायंकाळी फवारावा. त्यानंतर तीन-चार दिवस तोडणी थांबवावी व पाने स्वच्छ धुऊन घ्यावीत.

स्वयंपाकघरात

पालकात कॅल्शियम असूनही ऑक्झॅलेटमुळे त्याचा जेमतेम ५ टक्के भाग शरीरात शोषला जातो. पाक चोयमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. देठ आधी आणि पाने नंतर टाकून, लसणाच्या फोडणीत मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे परतल्यास भाजी तयार होते. मूगडाळ घालून पातळ भाजी किंवा पीठ पेरून केलेली भाजीही चांगली लागते. कच्ची पाने मोठ्या प्रमाणात रोज खाऊ नयेत. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी ती शिजवूनच घ्यावीत.

बियाणे आणि उन्हाळा

घरचे बी धरण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. पाक चोयला परपरागीभवन लागते आणि मधमाश्या शेजारच्या तोरियाचे परागकण आणून टाकतात. पुढच्या वर्षी उगवते ते धड पाक चोय नसते आणि धड तोरियाही नसते. त्यामुळे बी दरवर्षी विश्वसनीय ठिकाणाहून घ्यावे.

मार्चनंतर या कुळाचा आग्रह धरू नये. माठ, मयाळ व नाळी या उष्ण हवामानातील भाज्या चिनी स्वयंपाकातही मानाच्या आहेत आणि आपल्या अंगणातही जुन्या आहेत. नाळी मात्र सांडपाण्यावर वाढलेली नसावी. हिवाळ्यात मोहरीचे कुळ आणि पावसाळ्यात ही त्रयी, अशी वाटणी केल्यास वाफा रिकामा राहत नाही आणि मोहरीवरील किडींची साखळीही तुटते. ‘काय फवारावे?’ असे विचारणाऱ्यास विस्तार कार्यकर्त्याने आधी एकच प्रतिप्रश्न करावा : ‘पेरले कधी?’