नाळेतलं रक्त बँकेत ठेवायचं का?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी माझ्याकडे आल्या त्या हातात कागद घेऊनच. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. एका कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला, "बाळाच्या नाळेतलं रक्त आमच्या बँकेत ठेवा, पुढे कॅन्सर होवो की मधुमेह, काळजी नाही." खर्च साठ हजारांच्या वर. जावई कर्ज काढायला निघालेला!

मी बी.ए. झालेली, डॉक्टर नव्हे. पण रक्तदान शिबिरांमुळे एक रक्तविकारतज्ज्ञ ओळखीचे आहेत, त्यांना गाठलं.

आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. ते तयार करतात तिथल्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल. विरजणासारखं समजा ना! चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं आणि उद्यासाठी पुन्हा विरजण उरतंच. तशा या पेशी तांबड्या, पांढऱ्या पेशी बनवतात आणि स्वतःसारख्याही बनवत राहतात. नाळेच्या रक्तातही त्या असतात. १९८८ मध्ये पॅरिसला डॉ. एलियान ग्लुकमान यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या एका मुलाला असं रक्त दिलं आणि तो वाचला.

पण मेख इथेच आहे. ते रक्त त्याच्या नवजात बहिणीचं होतं, स्वतःचं नव्हे. थॅलेसेमियासारखा आजार जन्मतःच असतो, म्हणजे तो दोष बाळाच्या स्वतःच्या नाळेतही असणारच. नासकं विरजण जपून काय उपयोग? मधुमेहावर तर हा सिद्ध झालेला उपचारच नाही. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःसाठी असं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलंय. हां, घरात मोठं भावंड अशा आजाराचं असेल तर गोष्ट वेगळी. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक असते, तेव्हा जरूर ठेवावं.

त्यापेक्षा नवरा-बायकोने लग्नाआधी, निदान दिवस राहताच थॅलेसेमियाची रक्ततपासणी करावी. तिचा खर्च याच्यापुढे किरकोळ. पण ती सुचवायला घरी कुणी येत नाही!

कर्ज थांबलं. लेकीला मात्र रुखरुख लागली, "काकू, आईबापांनी एवढंही करू नये?" मग डॉक्टरांनी सांगितलेलं आणखी एक तिला सांगितलं. बाळ नीट रडलं आणि नाळ कापायला मिनिटभर थांबलं, तर तेच रक्त बाळाच्या अंगात जातं, लोह वाढतं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

"मग तेवढं आमच्या डॉक्टरीणबाईंना आत्ताच सांगून ठेवू?"

म्हटलं, "उद्याच जाऊ."