परदेशी पासपोर्टवर माहेरी येताना

(प्रतिनिधी)

तुमसर तालुक्यातील बपेरा हे मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेले गाव. येथून बालाघाटकडे निघालेल्या माणसाला राज्याची हद्द ओलांडताना ओळखीचा कागद सहसा कोणी विचारत नाही. मात्र याच गावात जन्मलेली, येथील शाळेत शिकलेली आणि लग्नानंतर अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेली बहीण राखीला भावाकडे यायची म्हटली, तर तिला भारत सरकारचा व्हिसा लागतो. आपल्याच गावी यायला परवानगी कसली, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना पडतो. तो स्वाभाविकही आहे; पण विमानतळावर त्याचा उपयोग होत नाही.

भारतीय राज्यघटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाहीत. या कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीयाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले, की त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. जुन्या भारतीय पासपोर्टवर मुदतीची चार-पाच वर्षे शिल्लक दिसत असली, तरी तो वापरता येत नाही. तो भारतीय दूतावासाकडे जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावे लागते. ‘जुन्याच पासपोर्टवर निघून ये, कोण पाहतो’ असा सल्ला गावाकडून प्रेमापोटी दिला जातो. तो कोणीही देऊ नये. त्यातून बहिणीवर गुन्हा दाखल होण्याची वेळ येऊ शकते.

उलट, जो भाऊ आखाती देशात नोकरीला आहे किंवा अमेरिकेत कामाच्या व्हिसावर आहे आणि ज्याचा पासपोर्ट अद्याप भारतीयच आहे, त्याला मायदेशी येण्यासाठी कोणताच व्हिसा नको. येथे एक गफलत मात्र वारंवार होते. पतिपत्नी दोघेही भारतीय नागरिक, पण मूल अमेरिकेत जन्मलेले आणि अमेरिकी पासपोर्टवर प्रवास करणारे, अशा कुटुंबात आईवडिलांना व्हिसा लागत नाही आणि मांडीवरच्या बाळाला लागतो. लहान मुलांचा अर्ज वेगळा, पासपोर्ट वेगळा आणि व्हिसाही वेगळा असतो.

अर्ज तिकडे, माहिती इकडे

भावंडांच्या भेटीसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ई-टुरिस्ट व्हिसा. नोव्हेंबर २०१४ मध्ये ४३ देशांच्या नागरिकांसाठी ही ऑनलाइन सोय सुरू झाली; पुढे तिची व्याप्ती वाढून ती दीडशेहून अधिक देशांना मिळाली. नातेवाइकांना भेटणे हे या व्हिसाचे मान्य कारण आहे. तो ३० दिवस, एक वर्ष आणि पाच वर्षे अशा तीन मुदतींचा असतो. तीस दिवसांच्या व्हिसासाठी प्रवासाआधीच्या ३० दिवसांत, तर मोठ्या मुदतीच्या व्हिसासाठी १२० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. दोन्ही बाबतींत पोहोचण्याच्या तारखेपूर्वी किमान चार दिवस अर्ज गेलेला असावा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. फी देशानुसार आणि मुदतीनुसार बदलते.

अर्ज केवळ सरकारी संकेतस्थळावरच करावा. ‘इंडियन व्हिसा’ या शब्दांशी मिळतीजुळती नावे घेतलेली अनेक खासगी संकेतस्थळे शोधयंत्रावर आधी दिसतात आणि मूळ फीच्या कित्येक पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे की नाही, एवढे पाहिले तरी ही फसवणूक टळते. तुमसरच्या सायबर कॅफेत बसून बहिणीचा अर्ज भरून देणाऱ्या भावानेही हे आधी पाहावे.

अर्ज भावाने भरला म्हणून बिघडत नाही. पण त्यातील प्रत्येक विधानाची जबाबदारी अर्जदाराची असते. पूर्वी भारताचा व्हिसा नाकारला गेला होता काय, गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या देशांना भेट दिली, आईवडील वा आजीआजोबांपैकी कोणी पाकिस्तानचे नागरिक होते काय, असे प्रश्न त्यात असतात. त्यांची उत्तरे अंदाजाने भरू नयेत. बहिणीला फोन लावून, पासपोर्ट तिच्या हातात असताना एकेक रकाना भरलेला बरा.

गावाकडची खरी मदत लागते ती दोन ठिकाणी. अर्जात भारतातील संदर्भ म्हणून एका व्यक्तीचे नाव, पत्ता व दूरध्वनी द्यावा लागतो. तेथे भावाचे नाव घालायचे असेल, तर आधार कार्डावर आहे तसेच नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिन कोड आणि चालू असलेला मोबाइल क्रमांक लिहून पाठवावा. दुसरी मदत आईवडिलांच्या माहितीची. त्यांची पूर्ण नावे, जन्मगाव आणि देश अर्जात विचारले जातात, आणि येथेच भंडारा जिल्ह्यातील माणूस अडखळतो.

जिल्हा तोच, राज्य तीन वेळा बदलले

भंडारा जिल्हा २६ जानेवारी १९५० पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात, पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. सन १९५४ मध्ये बपेरा येथे जन्मलेल्या माणसाच्या शाळेच्या जुन्या दाखल्यावर मध्य प्रदेश आणि पासपोर्टवर महाराष्ट्र असे दिसू शकते. यात खोटे काहीच नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाल्याने तिरोडा, आमगावकडच्या लोकांच्या कागदांवर जिल्ह्याचाही असाच फरक आढळतो. त्यातच सीमेपलीकडे पिढ्यान्‌पिढ्या रोटी-बेटी व्यवहार असल्याने अनेकांच्या आईचे जन्मगाव बालाघाट जिल्ह्यात असते.

अशा वेळी नियम एकच ठेवावा. अर्जदाराच्या स्वतःच्या जन्मस्थळाबाबत तिच्या सध्याच्या पासपोर्टवर जे आहे तेच लिहावे. आईवडिलांबाबत सर्व भावंडांनी सर्व अर्जांत एकच नोंद कायम ठेवावी. या वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरे लिहिले, की शंका उत्पन्न होते.

नावांचेही तसेच. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनाव, मधले नाव आणि कित्येकदा पहिले नावही बदलते. शाळेच्या दाखल्यावर एक, लग्नपत्रिकेत दुसरे आणि परदेशी पासपोर्टवर तिसरेच. अर्जात पूर्वीचे नाव विचारलेले असते. ते लपवण्याचे कारण नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्याची स्वच्छ छायाप्रत भावाने काढून पाठविली, तर जुन्या नावाचे नेमके अक्षरलेखन बहिणीला पडताळता येते.

मंजुरीपत्र आल्यावर त्यावरील तारखेचा अर्थ नीट समजून घ्यावा. तीस दिवसांच्या व्हिसावरील अंतिम तारीख ही भारतात प्रवेश करण्याची अंतिम तारीख असते. मुक्कामाचे ३० दिवस पोहोचल्यापासून मोजले जातात. एक आणि पाच वर्षांच्या व्हिसाची मुदत मात्र मंजुरीच्या दिवसापासूनच सुरू होते. तीस दिवसांचा व्हिसा येथे आल्यावर वाढवून मिळत नाही. त्यामुळे आईच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या बहिणीने थोडे जास्त पैसे भरून मोठ्या मुदतीचा व्हिसा घेणे शहाणपणाचे.

तेरवीला पोहोचता येते, अंत्यदर्शनाला नाही

वडील गेल्याचा फोन मध्यरात्री येतो, तेव्हा चार दिवसांची अट किती मोठी असते, हे वेगळे सांगायला नको. ई-व्हिसा वेळेत मिळाला तर तेरवी गाठता येते; अंत्यसंस्कार तोवर उरकलेले असतात. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाल्यास भारतीय दूतावास तातडीचा व्हिसा देतात, पण त्यासाठी दूतावासाच्या शहरापर्यंत जावे लागते आणि मृत्यूचा कागद दाखवावा लागतो. अशा वेळी भावाने दवाखान्याचे प्रमाणपत्र किंवा ग्रामपंचायतीतील मृत्युनोंदीचे छायाचित्र ताबडतोब पाठवावे.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे ओसीआय कार्ड. ही योजना २००५ मध्ये आली आणि २०१५ मध्ये जुनी पीआयओ कार्डाची योजना तिच्यात विलीन झाली. हे कार्ड नागरिकत्व देत नाही, मतदानाचा अधिकार देत नाही आणि त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. पण ते आयुष्यभराच्या व्हिसासारखे चालते. कार्ड हाती यायला काही आठवडे वा महिनेही लागतात. जुना भारतीय पासपोर्ट, सरेंडर सर्टिफिकेट, नव्या नागरिकत्वाचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे त्यासाठी लागतात. ज्यांचे आईवडील थकलेले आहेत, त्यांनी दरवेळी टुरिस्ट व्हिसा काढण्यापेक्षा हे एकदाच करून घ्यावे, असे या प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे.

त्याला आधार आहे. भारताने २१ सप्टेंबर २०२३ रोजी कॅनडातील व्हिसा सेवा थांबविली. ई-व्हिसा पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. ओसीआय कार्डधारक या काळात येऊ शकत होते. कोरोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये मात्र टुरिस्ट व्हिसाबरोबर ओसीआयची सवलतही स्थगित झाली होती. तेव्हाही कुटुंबातील मृत्यूसारख्या कारणासाठी ओसीआय धारकांना मे २०२० मध्ये परवानगी मिळाली. पाच वर्षांचे ई-टुरिस्ट व्हिसा असलेल्यांना मार्च २०२२ पर्यंत थांबावे लागले.

पाहुणी घरी आल्यावर

ई-व्हिसा चालणाऱ्या विमानतळांत नागपूर आहे. परंतु बहुतेक जण मुंबई किंवा दिल्लीला उतरून पुढे येतात. इमिग्रेशनची तपासणी पहिल्या विमानतळावरच होते, त्यामुळे नागपूरच्या पुढील विमानासाठी किंवा तुमसर रोडकडच्या रेल्वेसाठी पुरेसा वेळ ठेवावा. मंजुरीपत्राची छापील प्रत जवळ असावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांना प्रवासाआधीच्या ७२ तासांत ई-अरायव्हल कार्डही ऑनलाइन भरावे लागते.

शेवटची बाब यजमानाची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला, की त्याची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे ऑनलाइन पाठविणे बंधनकारक आहे. ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखली जाणारी ही नोंद फक्त हॉटेलांसाठी आहे, असा समज आहे. खासगी घरालाही ती लागू आहे. १९४६ चा जुना परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, तरी यजमानाचे हे बंधन कायम आहे. पाहुणी सख्खी बहीण असली, तरी विदेशी पासपोर्टमुळे ती कायद्याच्या दृष्टीने परदेशीच. जिल्ह्यात हे काम पोलिस अधीक्षक कार्यालयाकडे असते. माहिती भरण्यापूर्वी घरमालकाला स्वतःची नोंदणी करून ती मंजूर करून घ्यावी लागते आणि त्यात काही दिवस जाऊ शकतात. म्हणून बहिणीचे तिकीट निघाले, की त्याच आठवड्यात भावाने भंडाऱ्याला एक चक्कर मारून ते उरकून घ्यावे.