‘बेड मिळाला का?’ : एका आजाराच्या तीन लाटा

कोविडच्या काळात लोक फोनवर एकमेकांना काय विचारत होते, एवढं आठवलं तरी आजार कसा बदलत गेला हे कळतं. २०२० मध्ये पहिला प्रश्न असायचा, ‘कुठून लागला?’ २०२१ च्या एप्रिलमध्ये तो ‘बेड मिळाला का?’ आणि ‘स्कोअर किती आला?’ असा झाला. २०२२ च्या जानेवारीत नुसतं ‘अरे, तुला पण?’ आमच्या पॅरिशच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या प्रार्थनेच्या विनंत्याही तशाच बदलल्या. आधी ‘रिपोर्ट निगेटिव्ह यावा म्हणून’, मग ‘ऑक्सिजन मिळावा म्हणून’.

माझी मावशी सुरतेत नर्स आहे, तिन्ही लाटा तिने वॉर्डात काढल्या. उधन्यात तिच्या शेजारी नंदुरबारकडचं एक मराठी कुटुंब राहतं. त्यातले आजोबा सत्तरीचे, वर मधुमेह. जुलै २०२० मध्ये त्यांना कोविड झाला, बारा दिवस दवाखान्यात राहून ते चालत घरी आले. त्यांचा मुलगा बेचाळीस वर्षांचा, कसलंही औषध चालू नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये तो आजारी पडला आणि नवव्या दिवशी गेला. त्याची बायको अजूनही मावशीला विचारते, “ताई, म्हातारा माणूस वाचला आणि हे गेले. माझं काय चुकलं?” मावशी दरवेळी “तुझं काही नाही चुकलं गं” म्हणते. पण ‘काही चुकलं नाही’ म्हणजे नेमकं काय झालं, हे मला समजून घ्यायचं होतं.

आधी आकडे बघू. आयसीएमआरने देशभरातल्या ४१ रुग्णालयांमधल्या सुमारे १९ हजार दाखल रुग्णांची नोंद ठेवून पहिल्या आणि दुसऱ्या लाटेची तुलना केली होती. दाखल झालेल्यांपैकी पहिल्या लाटेत साधारण १० टक्के दगावले, दुसऱ्या लाटेत १३ टक्के. बाहेरून ऑक्सिजन लागणारे ४३ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, व्हेंटिलेटर लागणारे ११ वरून १६ वर. धाप लागण्याची तक्रारही वाढली. वीस वर्षांखालचे सोडले तर प्रत्येक वयोगटात मृत्यूचं प्रमाण वाढलं होतं.

आता एक गंमत (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही). ‘दुसऱ्या लाटेने तरुण नेले’ हे आपण सगळ्यांनी ऐकलं, बोललो. पण या नोंदीत रुग्णांचं सरासरी वय फक्त दोन वर्षांनी खाली आलं, सुमारे ५१ वरून ४९. मग एवढे तरुण गेल्यासारखं का वाटलं? कारण रुग्णच कितीतरी पट होते. पहिल्या लाटेत देशात एका दिवसातली सर्वांत मोठी रुग्णसंख्या ९८ हजारांच्या आसपास होती, दुसऱ्या लाटेत ती ४ लाख १४ हजारांवर गेली. टक्का तोच राहिला असता तरी प्रत्येक गल्लीतून एखादा चाळिशीतला माणूस गेलाच असता, आणि इथे तर टक्काही वाढला होता.

पण १० आणि १३ हे आकडे शेजारी शेजारी ठेवून ‘विषाणू तेवढ्याने जास्त घातक झाला’ असं म्हणता येत नाही. रुग्णालयातला टक्का आत पोचलेल्यांचाच असतो. २०२० च्या सुरुवातीला चाचणी पॉझिटिव्ह आली की ठणठणीत माणसालाही दाखल करत, एप्रिलच्या शेवटी सौम्य रुग्णांना घरी राहण्याची मुभा मिळाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये निवड दारातच होऊ लागली. सॅच्युरेशन ९४ असलेल्याला परत पाठवायचं, कारण मागे ८२ वाला रिक्षात बसलाय. म्हणजे आत जाणारे आधीच जास्त आजारी. आणि जे रिक्षातच किंवा घरी गेले, ते दवाखान्याच्या टक्केवारीत कुठेच नाहीत. सुरतेत त्यांचा हिशोब दुसरीकडे दिसला. जहांगीरपुऱ्यातल्या कुरुक्षेत्र स्मशानभूमीत गॅसच्या भट्ट्या इतक्या अखंड चालल्या की त्यांचे लोखंडी भाग वितळू लागले.

विषाणू मात्र खरोखर बदलला होता, तेही नाकारून चालणार नाही. पुढे डेल्टा म्हणून ओळखला गेलेला प्रकार भारतातच, २०२० च्या अखेरीस सापडला. तो आधीपेक्षा कितीतरी वेगाने पसरत होता. इंग्लंडमध्ये त्याची तुलना तिथल्या आधीच्या अल्फा प्रकाराशी केली, तेव्हा दाखल व्हावं लागण्याचा धोका साधारण दुप्पट निघाला. पहिल्या लाटेत सुरतेत आजार बऱ्याच अंशी कामाच्या जागेमागून फिरला. हिऱ्याचे कारखाने उघडले, एका घंटीभोवती चार-पाच रत्नकलाकार बसले, कतारगाम-वराछात रुग्ण वाढले आणि जुलैत कारखाने पुन्हा बंद करावे लागले. दुसऱ्या लाटेत एक माणूस घरी आला की चार दिवसांत अख्खं घर आडवं. मावशी म्हणते, “पहिल्या लाटेत पेशंटबरोबर डबा घेऊन येणारं कोणीतरी असायचं. दुसऱ्या लाटेत डबा आणणारेच शेजारच्या बेडवर.”

सगळे एकाच वेळी आजारी पडणं हाही आजाराचाच भाग होता. साध्या मास्कवर रुग्णाला मिनिटाला पाच-दहा लिटर ऑक्सिजन लागतो. हाय-फ्लो मशीनवर तोच साठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. निम्म्या वॉर्डाला ऑक्सिजन आणि त्यातल्या काहींना हाय-फ्लो असं झालं की बाहेरची टाकी कितीही मोठी असो, दुपारपर्यंत काटा खाली येतो. एप्रिलच्या अखेरीला हजिऱ्याच्या पोलाद कारखान्याशेजारी २५० खाटांचं कोविड केंद्र उभं केलं, ते याच कारणाने. ऑक्सिजन वाहून आणण्यापेक्षा तो जिथे बनतो तिथेच रुग्ण नेले.

खरं तर दुसऱ्या लाटेत डॉक्टरांच्या हातात जास्त ज्ञान होतं. पहिल्या लाटेत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सर्रास दिलं गेलं आणि त्याचा उपयोग नव्हता. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. पालथं झोपवण्याचा फायदा कळला होता. शेजारचे आजोबा वाचले त्यात या सगळ्याचा वाटा होता, आणि वेळेवर मिळालेल्या रिकाम्या खाटेचाही. ज्ञान वाढलं, पण ते वापरायला लागणारी खाट, नर्स आणि हवा कमी पडली. लोक रांगा लावत होते रेमडेसिव्हिरसाठी, जे वापरू नये असा सल्ला डब्ल्यूएचओने नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता. आणि स्टेरॉइड? ऑक्सिजन न लागणाऱ्याला त्याचा फायदा नाही, हेही त्याच चाचणीत होतं. तरी ते घरोघरी, पहिल्याच दिवसापासून घेतलं गेलं. साखर वाढली आणि मे महिन्यात म्युकरमायकोसिस आला. डोळे आणि जबडे काढावे लागलेले रुग्ण पहिल्या लाटेत मावशीने क्वचितच पाहिले होते.

शेजारच्या त्या दोघांत आणखी एक फरक होता आणि तो तारखांचा आहे. लस साठीच्या वरच्यांना १ मार्च २०२१ पासून मिळू लागली, पंचेचाळिशीच्या वरच्या सगळ्यांना १ एप्रिलपासून, अठराच्या वरच्यांना १ मेपासून. म्हणजे एप्रिलमध्ये घरात विषाणू पुन्हा शिरला तेव्हा आजोबांचा एक आजार आणि एक डोस झालेला होता. मुलाचं शरीर या विषाणूला पहिल्यांदाच भेटत होतं, आणि त्याची लशीची पाळी यायला दोन आठवडे बाकी होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून ते घरी थांबले. पाचव्या दिवशी सॅच्युरेशन ८४ आणि मग तीन दवाखाने फिरले. धाप न लागताच ऑक्सिजन उतरणं हे या आजाराचं सर्वांत फसवं लक्षण. ते घरच्या माणसाला दिसणार कसं?

दुसरी लाट पहिलीपेक्षा वाईट निघाली हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा आला, तसा सौम्यच. सप्टेंबरमध्ये परतला तेव्हा त्याने मुंबई इलाखा (सुरत तेव्हा त्यातच) झोडपून काढला, आणि मरणाऱ्यांमध्ये वीस ते चाळीस वयाचे फार होते. हिंदी कवी निराला यांनी त्याच साथीत बायको आणि घरातली कितीतरी माणसं गमावली. कोविडमध्ये मात्र दोन्ही लाटांत वयाबरोबर धोका चढतच राहिला. १९१८ ची उपमा देताना एवढं लक्षात ठेवावं.

तिसरी लाट, ओमायक्रॉनची. जानेवारी २०२२ मध्ये रुग्णांचे आकडे पुन्हा लाखांत गेले, पण मावशीच्या वॉर्डात खाटा रिकाम्या होत्या. जे दाखल होते त्यांतले बरेच मोडलेल्या हाडासाठी किंवा बाळंतपणासाठी आलेले, चाचणीत कोविड निघाला इतकंच. फुफ्फुसात खोल उतरण्यापेक्षा हा विषाणू घशातच जास्त रमत होता, आणि तोवर बहुतेकांना लस तरी मिळाली होती किंवा आजार तरी होऊन गेला होता. तरीही ज्या म्हाताऱ्यांनी लस घेतली नव्हती, त्यांच्यातले काही त्या ‘सौम्य’ लाटेतही गेले.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं, तारखांसकट. ती म्हणाली, “लिहून दे मला. तिला वाचून दाखवीन. १ मेची तारीख ठळक लिही.”