एका तिकिटामागचा डेटाबेस

रेल्वेचे तिकीट मोबाइलवर काढणे आता सवयीचे झाले असले, तरी त्या निमित्ताने कानावर पडणारे ब्राउझर, सर्व्हर, डेटाबेस हे शब्द अनेकांच्या बाबतीत नुसते कानावरच राहतात. वास्तविक आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून काढलेले एक तिकीट नीट पाहिले, तर यांपैकी बहुतेक संज्ञांचा उलगडा होतो.

क्रोम किंवा फायरफॉक्ससारखा जो प्रोग्रॅम संकेतस्थळाचे पान मागवून पडद्यावर मांडतो, त्याला ब्राउझर म्हणतात. इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांना नावाने नव्हे, तर आयपी पत्ता नावाच्या अंकांनी ओळखतात. माणसाने टंकलेले नाव त्या अंकांत बदलून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस, आणि तिची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. अशा रीतीने शोधलेल्या पत्त्यावर ब्राउझरची मागणी पोहोचते आणि तिला उत्तर देणारा संगणक, तसेच त्यावरील प्रोग्रॅम, या दोहोंनाही सर्व्हर म्हणतात. तात्काळ तिकिटांच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे जेव्हा त्राग्याने म्हटले जाते, तेव्हा तो बहुधा बंद पडलेला नसतो. एकाच वेळी आलेल्या मागण्यांच्या ओझ्याने तो उत्तर द्यायला उशीर करत असतो.

सर्व्हरला उत्तर मिळते ते डेटाबेसमधून, म्हणजे शोधता आणि बदलता येईल अशा पद्धतीने साठवलेल्या माहितीतून. पूर्वी ही माहिती यंत्रात कोणत्या वाटेने ठेवली आहे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली असे सुचवले, की सर्व माहिती तक्त्यांत मांडावी, काय हवे ते वापरणाऱ्याने सांगावे आणि ते कसे शोधायचे हे यंत्रणेवर सोपवावे. अशी मागणी म्हणजे क्वेरी, आणि ती लिहिण्याची सर्वांत रुळलेली भाषा म्हणजे एसक्यूएल. खुद्द आयबीएमने आपल्या जुन्या उत्पादनाच्या मोहापायी कॉड यांची कल्पना बाजारात आणायला उशीर केला आणि ओरॅकल या डेटाबेसने १९७९ साली आघाडी घेतली, ही या क्षेत्रातील एक बोलकी गोष्ट होय.

तक्त्यातील प्रत्येक आडवी ओळ एक नोंद असते, तर प्रत्येक उभ्या स्तंभात नाव, वय, गाडी क्रमांक असा एकेक तपशील असतो. एकाच गाडीत एकाच नावाचे दोन प्रवासी असू शकतात, म्हणून नोंद ओळखण्यासाठी कधीही दुहेरी न होणारा तपशील लागतो. त्याला प्रायमरी की म्हणतात. आरक्षणाची नोंद शोधताना दहा अंकी पीएनआर हेच काम करतो.

सर्वांत महत्त्वाची, तरीही सर्वांत कमी समजली जाणारी संज्ञा ट्रॅन्झॅक्शन ही आहे. शिल्लक बर्थ एकच असून तो दोघांनी एकाच क्षणी मागितला, तर तो दोघांनाही मिळता कामा नये. म्हणून एकाचे काम चालू असताना ती नोंद दुसऱ्यासाठी कुलूपबंद केली जाते. शिवाय बर्थ देणे, प्रवाशाचे नाव लिहिणे, शिल्लक कमी करणे या पायऱ्या सगळ्या पार पडतात किंवा एकही पडत नाही. अशा एकत्र बांधलेल्या पायऱ्या म्हणजे ट्रॅन्झॅक्शन. मध्येच बिघाड झाला, तर केलेले बदल मागे घेतले जातात आणि याला रोलबॅक म्हणतात. या विषयावरील मूलगामी कामासाठी जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

अडचण अशी, की ‘सगळ्या पायऱ्या किंवा एकही नाही’ हा नियम एका डेटाबेसच्या आत सहज पाळता येतो, पण तिकिटाचे पैसे भरताना बँकेचा डेटाबेस वेगळा आणि रेल्वेचा वेगळा असतो. खात्यातून पैसे गेल्यानंतर दोघांमधला निरोप तुटला, तर पैसे वजा होऊनही तिकीट निघत नाही आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळवून ती रक्कम परत करावी लागते. त्यामुळे पैसे गेले आणि पडदा गोठला, तर घाईने पुन्हा पैसे भरण्याआधी आयआरसीटीसीच्या खात्यात तिकिटाची नोंद झाली आहे का, हे वाचकांनी पाहावे.