गाळाची साक्ष

खाडीचे पाणी प्रदूषित आहे की नाही हे ठरवायचे तर बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेऊन तपासावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. पाणी वाहून जाते. भरतीच्या वेळचा नमुना आणि ओहोटीच्या वेळचा नमुना यांत मोठे अंतर पडू शकते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळी येणाऱ्या तपासनिसाच्या बाटलीत सापडेलच असे नाही. तळाचा गाळ मात्र इतक्या सहजासहजी विसरत नाही. पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू आणि तेलकट रसायने चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना चिकटतात व त्यांच्यासह तळाशी जाऊन बसतात. पाणी निवळले तरी गाळात त्यांची नोंद राहते.

मिनामाताचा धडा

या नोंदीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत जपानमधील मिनामाता गावाने मोजली. तेथील रासायनिक कारखान्यातून उपसागरात जाणारा पारा मासे व शिंपल्यांमार्फत माणसांच्या शरीरात पोहोचला. १९५६ मध्ये या मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. पाऱ्याचे उत्सर्जन १९६८ मध्ये थांबले, पण गाळातला पारा तेथेच होता. अखेर १९७७ ते १९९० या काळात किलोमागे २५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळावा लागला. त्यातून ५८ हेक्टर भराव जमीन तयार झाली. नेमका कोणता गाळ हलवायचा, हे नमुन्यांच्या तपासणीनेच ठरले.

नमुना कसा घेतात?

पहिला प्रश्न जागेचा. सांडपाण्याच्या तोंडाशी, तेथून टप्प्याटप्प्याने दूर आणि तुलनेसाठी एखाद्या निर्मळ ठिकाणी असे नमुने घ्यावे लागतात. वरच्या थरासाठी ‘व्हॅन व्हीन ग्रॅब’ हे पोलादी जबड्यासारखे साधन वापरतात. उघडा जबडा दोराने तळाशी सोडतात. तो टेकला की खटका सुटतो आणि दोर ओढताच जबडा मिटतो. मध्ये दगड अडकून जबडा अर्धवट उघडा राहिला, तर वर येताना बारीक कण धुऊन जातात. प्रदूषके नेमकी त्याच कणांवर असल्याने असा नमुना टाकूनच द्यायचा असतो.

गाळाचा इतिहास हवा असेल तर लांब नळी उभी रुतवून थरांची अखंड कांडी बाहेर काढतात. शिसे-२१० या किरणोत्सारी मूलद्रव्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे असते. त्याच्या प्रमाणावरून गेल्या शतकभरातील थरांचे वय काढता येते. धातूंच्या तपासणीसाठी पोलादाला न लागलेला मधला गाळ प्लास्टिकच्या चमच्याने घेतात आणि नमुने सुमारे ४ अंश सेल्सियस तापमानात ठेवतात.

आकडे आणि त्यांचा अर्थ

प्रयोगशाळेत प्रथम कणांचा आकार व सेंद्रिय कार्बन मोजतात. वाळू प्रदूषके कमी धरते, चिकणमाती जास्त. तेव्हा दोन ठिकाणच्या आकड्यांची थेट तुलना फसवी ठरते. त्यानंतर आम्लात विरघळवून धातू मोजले जातात. दख्खनचा बेसाल्ट झिजून झालेल्या मातीत तांबे व लोह मुळातच अधिक असते. निसर्गाची देणगी आणि कारखान्याची भर वेगळी काढण्यासाठी धातूचे ॲल्युमिनियमशी असलेले गुणोत्तर पाहतात.

मग धोका कधी मानायचा? अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सागरी निकषांनुसार, कोरड्या गाळात किलोमागे ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा कमी पारा असेल तर जीवसृष्टीवर दुष्परिणाम क्वचितच दिसतात, ०.७१ च्या पुढे त्यांची शक्यता बरीच वाढते. पण केवळ आकड्यावर निर्णय घेत नाहीत. त्या गाळात लहान कवचधारी जीव दहा दिवस ठेवून त्यातले किती जगतात हे पाहतात. प्रत्यक्ष तळावर कोणते जीव नांदतात, याचीही मोजणी होते. रसायने, विषारीपणा आणि जीवसृष्टी या तिन्हींची साक्ष जुळली, तरच निष्कर्ष भक्कम ठरतो.

ठाणे खाडीपुढील प्रश्न

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर मोठी औद्योगिक वसाहत आहे. त्याच खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगो याच चिखलावर पोसतात आणि कोळी बांधव याच खाडीवर उपजीविका करतात. अशा ठिकाणी जेटी वा जलमार्गासाठी गाळ उपसायचा, तर आधी त्याची तपासणी का हवी, हे उघड आहे. तळच्या काळ्या, प्राणवायूविरहित चिखलात अनेक धातू गंधकाशी बांधले जाऊन स्वस्थ पडलेले असतात. उपसताना त्यांना प्राणवायू मिळाला, की त्यातले काही पुन्हा पाण्यात सुटू शकतात. म्हणूनच उपसलेला गाळ समुद्रात टाकण्यापूर्वी तपासावा, असा १९९६ च्या लंडन प्रोटोकॉलचा आग्रह आहे.

दूषित गाळ उपसावा, स्वच्छ वाळूने झाकावा की तसाच राहू द्यावा, याचे एकच उत्तर नाही. पण पुढच्या वेळी एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात ‘पाणी मर्यादेत आहे’ असे वाचाल, तेव्हा गाळाचे काय, तो किती ठिकाणांहून आणि किती खोलीवरून घेतला, एवढे तरी नागरिकांनी जरूर विचारावे.